गिरणीतला धवळा

टाळी वाजवून मला दोन मिनिटे होऊन गेली होती, आणि गिरणीत अजून कोणीच जागचे हलले नव्हते.

छपराच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाचे लहान लहान गोल जमिनीवर उतरले होते. एक मितालीच्या हळदी पदरावर होता, एक किशोरच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर. मिताली पाटावरून अर्धी उठून तशीच अवघडून थांबली होती. नवरीने इथे उठायचे, मांडव सोडायचा आणि त्याच क्षणी लग्नाचे गाणे तुटायचे, असे मी लिहिले होते. माझी टाळी ही त्या तुटण्याची खूण होती. गाणे तुटले होतेही, नेमके मला हवे होते तिथे, बाराव्या ओळीपाशी.

पण भागीरथीआत्याचे ओठ थांबले नव्हते.

ती आमच्या गावची धवळारीण, लग्नात गाणारी बाई; पेटत्या दिव्यापुढे मांडी घालून बसली होती. मांडीवर तांदळाचे सूप, नजर ज्योतीवर. टाळी ऐकताच तिने आवाज थांबवला, आणि उरलेल्या ओळी ती आवाजावाचून म्हणत राहिली. काय चालले आहे हे आमच्यापैकी कोणाला नीट कळले नव्हते, आणि तरीही विचारण्याची हिंमत होत नव्हती. किशोर हातात वायर धरून शिडीवर उभा होता. पंढरीने उचललेली खुर्ची खाली ठेवली नव्हती. दूर बाजारात कोणाची तरी रिक्षा पुन्हा पुन्हा किक मारूनही सुरू होत नव्हती, तेवढाच काय तो आवाज.

शेवटी तिने सुपातले चार दाणे दिव्यापुढे टाकले, झेंडूच्या फुलाने ज्योत शांत केली आणि मान वर केली.

"दिवा कोनी लावला?"

"मी," किशोर शिडीवरून माझ्याकडे पाहत म्हणाला. "संजीवनीताईंनी सांगितलं म्हणून. आजपासून सगळ्या वस्तू खऱ्या घ्यायच्या होत्या."

"इतके दिस बिनदिव्याचं गात होते. ते नुस्तं गाणं. दिवा लावला की तो धवळा." तिचा आवाज चढला नाही. "धवळा मधी थांबवत नाय."

"नाटकात थांबतो, आत्या," मी म्हणाले. "नाटकाचा शेवटच तो आहे."

"मंग शेवट चुकलाय तुजा."

तिने सुपातले तांदूळ पदरात बांधले. पंढरी टेम्पोने सोडतो म्हणाला, तर एसटीने आले, एसटीने जाईन, असे सांगून ती दारातल्या उन्हात उतरली. पहिल्या खेळाला पाच दिवस उरले होते.

शहापूरच्या बाजारामागची ही भातगिरणी बंद पडून नऊ वर्षे झाली. किशोरच्या काकांनी ती मोडून गाळे काढायचे ठरवले होते. किशोरने हातापाया पडून ती मागून घेतली, यंत्र विकले, आणि जिथे भात पडायचे तिथे एक बोटभर उंचीचा चौथरा बांधला. सत्तर खुर्च्या बसतात. भिंतीला हात लावला तर अजूनही बोटांना कोंड्याची बारीक भुकटी लागते. तीन-चार महिन्यांतून एकदा इथे एखादे नाटक होते, बहुतेक बाहेरून आलेले. 'बारावी ओळ' हे इथेच लिहिलेले, इथेच बसवलेले पहिले. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन खेळ लावले होते.

आत्या गेल्यावर पंढरी माझ्या शेजारी येऊन बसला. पंढरी आटगावचा मांडववाला. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतल्या लग्नांना त्याचे बांबू आणि त्याचेच कापड असते. गिरणीतल्या खुर्च्याही त्याच्याच. नाटकात तो नवरीच्या बापाचे काम करत होता, आणि ते त्याला शिकवावे लागले नव्हते.

"ताई, राग मानू नका. पन तुमाला खरंच म्हाईत नाय?"

"काय?"

"लग्नसराई चालू हाय. माजा एक बांबू मोकळा नाय या म्हयन्यात. आन तुमाला धवळारीण मोकळी घावली, रोज तालमीला येनारी. कशी घावली, असं मनात नाय आलं?"

नव्हते आले. मी फोन केला होता आणि ती लगेच हो म्हणाली होती. त्या होकारात मला मोठेपणा दिसला होता. मी त्याच्या भरात दोन दिवस लिहीत सुटले होते.

"तिला चार वर्षं कोन बोलवत नाय," पंढरी म्हणाला. "अर्धा धवळा राहिलेली बाय. आपल्या पोरीच्या मांडवात कोन बसवील तिला? कोनी तोंडावर बोलत नाय, नुस्तं दुसरीला बोलवतात. आता तर मोबाईलवरचे धवळे स्पीकरला लावतात. मी परत्येक मांडवात असतो, मला दिसतं." खुर्चीच्या पाठीवरची धूळ पुसत तो पुढे म्हणाला, "कोनाच्या लग्नात अर्धा राहिला, ते मी तुमाला सांगायला नको."

नको होते. ते लग्न माझे होते.

चार वर्षांपूर्वी, वैशाखरे गावात, आमच्या अंगणात, पाटावर मी बसले होते. मुलात दोष नव्हता. त्याच्या घरच्यांनी काही मागितले नव्हते. मला नाही म्हणायचे होते, आणि नाही म्हणायला मला धवळ्याच्या बाराव्या ओळीपर्यंत वेळ लागला, एवढेच घडले. मी उठले आणि मागच्या दाराने डांबरी रस्त्यावर गेले. पुढचे सारे मी ऐकलेले आहे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धवळारणीपुढचा जळता दिवा उचलला आणि घरात नेऊन ठेवला, आणि धवळा तिथेच राहिला. आई माझ्या लहानपणीच गेली होती. त्यांना आवरायला घरात कोणी नव्हते. पुण्यात माझे शिक्षण झाले. नंतर वाशिंदला खोली घेऊन मी शिकवण्या करू लागले. इतक्या वर्षांत मुरबाडच्या पुढे, गावाकडे, मी गेले नाही.

माझ्या उठण्याने कोणाचे काय मोडले असेल, याची कल्पना मी अनेकदा करून पाहिली होती. नानांची झुकलेली मान मला दिसायची. त्या मुलाच्या आईचा चेहरा दिसायचा. गाणाऱ्या बाईचा विचार मात्र मी एकदाही केला नव्हता. गाणे मध्येच तुटले, हे मला इतक्या वर्षांत फक्त सुंदर वाटले होते. त्या सौंदर्यावर मी नाटक उभे केले, आणि ज्या बाईचा गळा त्यात अडकून राहिला होता तिलाच रोज संध्याकाळी तो पुन्हा तोडायला बोलावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किन्हवलीवरून जाणारी एसटी धरली. सरळगावला गाडी बदलली. घाटाकडचे डोंगर उन्हाने पांढुरके झाले होते, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांचे काळे चौकोन दिसत होते. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर शेण, वाळल्या पानांचा पातेरा आणि डहाळ्या पसरून आग लावायची, ही राबाची भाजणी आमच्याकडे पावसाच्या आधी उरकतात. भागीरथीआत्याचा तुकडा अजून भाजायचा राहिला होता. ती आणि तिची सून मंगळी त्यावर पातेरा पसरत होत्या.

"आलीस?" आत्या न थांबता म्हणाली. "मला वाटलं, त्या किशोरला पाठवशील."

"मला माहीत नव्हतं, आत्या."

"काय?"

"तुला कोणी बोलवत नाहीत ते."

"नव्हतं तर नव्हतं. आता झालं ना? ती पाटी उचल."

मी चपला बांधावर काढल्या आणि पाटी उचलली. पातेऱ्याखाली शेण होते, आणि डोक्यावर घेताच मानेत ओळखीची कळ आली. चार फेऱ्या झाल्यावर मी विचारले, "मग हो का म्हणालीस मला?"

"गायला भेटंल म्हनून. चार वर्षं चुलीपुढं गाते मी. ऐकायला ही एकटी."

"ऐकते मी," मंगळी म्हणाली. "सासू गाते तवर बरं असतं. बोलाया लागली की पळाया होतं."

"बघ, कशी बोलते," आत्या म्हणाली, आणि त्या दोघी हसल्या. मला हसता आले नाही.

मग ती बांधावर बसली आणि पदराने मान पुसत तिने मला आपली अट सांगितली. किंवा अट नव्हे. जे आहे ते सांगितले.

"मी गाईन. पन पुरा गाईन. चाळीसच्या चाळीस वळी. तुजी नवरी उठू दे नायतर बसू दे, मी काय तिला धरनार नाय. आन त्या पोरीला तू किती बोलायला लावलंयस गो उठल्यावर? तू तर त्या दिसाला काय बोलली नव्हतीस."

"आणि दिवा?"

"किशोरचा दिवा नको. तो बाजारातला. तुज्या घरचा पायजे. ज्या घरचा दिवा उचलला त्याच घरचा परत ठेवायचा, आन ज्यानं उचलला त्यानंच ठेवायचा. मंग माजा धवळा पुरा झाला, असं मानसं म्हनतील."

"नानांनी?"

"मंग काय मी?"

"तू त्यांना कधी सांगितलं नाहीस? चार घरं सोडून तर राहतेस."

"धवळारणीनं दिवा मागायचा नसतो." ती माझ्याकडे पाहत राहिली, मी इतके साधे विसरले याचे नवल वाटल्यासारखी. "घरच्यांनी आनून ठेवायचा. तो ठेवतील तवा बसायचं. आन तीन दिस लावनार असशील तर तीन दिस त्याच्याच हातचा. मी काय विचारनार नाय त्याला. तू विचार."

नाना ओट्यावर कोयत्याला धार लावत बसले होते. दगडावर पाणी शिंपडायचे, पाते ओढायचे, अंगठ्याने पाहायचे. मी पायरीवर उभी राहिले. गेल्या चार वर्षांत माझ्या तोंडून न निघालेली बोली आपोआप जिभेवर आली.

"नाना, मी एक नाटक केलंय. शहापूरला. त्यात भागीरथीआत्या धवळा गानार हाय. शुक्रवारी पाचला. तिला कोन बोलवत नाय, ते तुमाला म्हाईत असंल. मला काल समजलं. तुमी तो दिवा घेऊन आलाव आन तिच्यापुढं ठेवलाव, तर तिचा धवळा पुरा होईल. माज्यासाठी नाय सांगत मी."

पाते दगडावरून दोनदा गेले.

"पानी पी," ते म्हणाले. "माठ आत हाय."

आत गेले. माठाच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात तो दिवा होता. पितळ काळवंडले होते. आत वातीचा जळका तुकडा तसाच होता. चार वर्षांत तो कोणी घासला नव्हता, कोणी पेटवलाही नव्हता. मी त्याला हात लावला नाही. पाणी प्यायले, तांब्या उपडा ठेवला आणि बाहेर आले.

"एसटी पावनेबाराला हाय," नाना म्हणाले. कोयता त्यांनी उलटा करून दुसरी बाजू दगडाला लावली होती.

परतीच्या गाडीत मी शेवटचा प्रवेश पुन्हा लिहिला. मांडीवर वही धक्क्यांनी उडत होती, अक्षरे वाकडी येत होती. आधी मी मुलीचे भाषण काढले. ती सव्वा दोन पाने होती, आणि नाटकातली सगळ्यात घोटलेली वाक्ये त्यांत होती. त्या मुलीला इतकी कारणे मी का दिली होती हे मला आता नीटच दिसत होते. मग टाळी काढली. तुटणे काढले. नवरी उठते आणि जाते, बस. तिच्या मागे मांडव राहतो, दिवा राहतो, आणि एक बाई अठ्ठावीस ओळी गात राहते. लिहिताना मनात सतत एकच येत होते की हे फसेल. प्रेक्षक खुर्च्यांत हलू लागतील, कोणीतरी फोन काढील. फसले तर फसले, असे मी वहीच्या समासात लिहिले, खोडले, आणि पुढे लिहीत राहिले.

"अठ्ठावीस ओळी म्हणजे सात मिनिटं," त्या संध्याकाळी तालमीला किशोर म्हणाला. "सात मिनिटं रिकामा रंगमंच."

"रिकामा कसा? ती आहे ना."

"आणि माझी एक्झिट?" मिताली म्हणाली. ती वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, पहिली पाळी संपवून तालमीला यायची, आणि तिची जांभई नेहमी माझ्याच वाक्यांवर यायची. "भाषण पण गेलं, टाळी पण गेली. मी नुसती चालत जाणार? ताई, घरी पण मी तशीच जाते."

"तशीच जा."

"कोण बघणार मग मला?"

"कोणी बघू नये अशीच जा. मी तशीच गेले होते."

तिने माझ्याकडे पाहिले. नाटकातली गोष्ट कोणाची आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते बहुधा. त्या दिवशी ती प्रथमच नीट चालली.

आम्ही दिवा न लावता तालमी केल्या. आत्या रोज येत होती. दिव्याची जागा चौथऱ्यावर खडूने गोल करून दाखवली होती. गुरुवारी किशोरने तो प्रश्न शेवटी विचारला.

"ताई, नाना नाही आले तर? मी एक दिवा आणून ठेवतो, लागला तर लागला."

"नाही."

"मग आत्या गाणार नाही."

"नाही गाणार. बसेल. तिच्यापुढे तो खडूचा गोल राहील. मिताली जाईल. अठ्ठावीस ओळींना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आपण सगळे तसेच राहू, आणि मग तू वरचे दिवे घालवशील."

"लोक म्हणतील, हे काय?"

"म्हणू देत. खेळ होणार, किशोर."

तो शिडी घेऊन छपराखाली गेला आणि उरलेल्या भोकांना गोणपाटाचे तुकडे लावू लागला.

खेळ पाचला ठेवला होता, कारण मुरबाडकडची शेवटची एसटी सव्वासातला सुटते. शुक्रवारी साडेचारला पत्र्याखाली श्वास घेववत नव्हता. त्रेसष्ट माणसे आली. काही शिक्षक, मितालीच्या कारखान्यातल्या सहा मुली, किशोरचे काका, आणि तिसऱ्या रांगेत आटगावची प्रेमा नावाची एक जाडजूड बाई, जिला पंढरीने आणून बसवले होते.

"हिच्या लेकीचं लगीन हाय सोळा तारखेला," पंढरी विंगेत माझ्या कानाशी म्हणाला. त्याने बापाचा फेटा बांधला होता. "मांडव माजाच. म्हनलं, धवळारीण बघून घे आधी."

"पंढरी, आज ती गाईल की नाही हेच माहीत नाही."

"बघू की."

नाना आले नव्हते. मी पाचला पाच मिनिटे असेपर्यंत दाराशी उभी होते, मग दार ओढून घेतले.

नाटक सुरू झाले, आणि थोड्या वेळाने मला कळले की ते चालते आहे. लोक योग्य जागी हसत होते. मितालीने एकदाही जांभई दिली नाही. विंगेतून मला आत्या दिसत होती. मांडवाच्या प्रवेशाआधीच ती आपल्या जागी जाऊन बसली होती, पांढऱ्या खडूच्या गोलापुढे, मांडीवर सूप. तिचे दोन्ही हात सुपाच्या कडेवर होते. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि मनाशी ओळी मोजण्याची तयारी केली, आवाजावाचूनच्या चाळीस.

नवरीच्या बापाने दिवा आणून ठेवायचा, अशी ती जागा होती. पंढरी रिकाम्या हातांनी चौथऱ्यावर गेला. ठरल्याप्रमाणे त्याने गोलापाशी थांबायचे होते आणि परत फिरायचे होते. तो थांबला, आणि फिरला नाही. तो समोर पाहत होता, खुर्च्यांच्या मागे, दाराकडे.

दार हातभर उघडले होते आणि तिथून उन्हाची एक पट्टी खुर्च्यांच्या मधल्या वाटेवर आडवी आली होती. त्या उजेडात नाना उभे होते. हातात कापडी पिशवी.

पंढरीने डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी सारखा केला. "या," तो म्हणाला. ही ओळ नाटकात नव्हती. आणि तो बाजूला झाला.

नाना मधल्या वाटेने आले. चौथऱ्यापाशी त्यांनी चपला काढल्या. दिव्यांच्या झोतात आल्यावर त्यांचे डोळे क्षणभर मिटले, मग त्यांनी पिशवीतून दिवा काढला. दिवा घासलेला होता. त्यांनी तो खडूच्या गोलात ठेवला, खिशातल्या छोट्या बाटलीतले तेल ओतले, नवी वात बोटांनी सरळ केली आणि आगपेटीची काडी ओढली. पहिली विझली. दुसरीने वात धरली. ते मागे सरले आणि खुर्चीकडे न जाता तिथेच, चौथऱ्याच्या कडेला, उकिडवे बसले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने तांदळाचे दाणे टाकले आणि आवाज लावला.

*आधी दिवा गो ठेविला, मंग आंगन जागं झालं,*
*आंगनाच्या वाटंनं गो पाव्हनं चालत आलं.*

मी बारा ओळी मोजल्या. त्या मला मोजाव्या लागत नव्हत्या खरे तर. पाठीच्या कण्यातून त्या वर येत होत्या. बाराव्या ओळीला मिताली उठली. तिने पदर सावरला, कोणाकडे पाहिले नाही, आणि विंगेतून माझ्या अंगावरून मागच्या दाराने बाहेर निघून गेली. तिने दार उघडे टाकले. तिथून वारा आत आला आणि ज्योत आडवी झाली.

नानांचा हात उठला.

मी तो हात उठताना पाहिला. आत्याचा आवाज एक कणभर हलला. तिनेही पाहिले असणार. हात दिव्यापाशी गेला. मग तळवा उभा झाला, वाऱ्याच्या बाजूने, आणि तिथेच राहिला. ज्योत सरळ झाली. तेरावी ओळ आली, चौदावी आली. नाना हाताचा आडोसा धरून बसून राहिले, रिकाम्या पाटाकडे पाहत, आणि आत्या गात राहिली. विसाव्या ओळीच्या सुमारास खुर्च्यांतून कोणीतरी बारीक आवाजात ओळीची शेवटची दोन अक्षरे तिच्याबरोबर ओढली. मग आणखी कोणी. मला वाटते, पहिली प्रेमा होती.

चाळिसावी ओळ संपल्यावर आत्याने दाणे टाकले आणि फुलाने ज्योत शांत केली. किशोर दिवे घालवायचे विसरला. सगळे उजेडातच बसून राहिले.

नंतर बराच वेळ माणसे चौथऱ्याभोवती होती. किशोरच्या काकांनी भिंतीवरून हात फिरवला आणि भुकटी पंजावर पाहिली. मितालीच्या मैत्रिणी तिचे फोटो काढत होत्या. प्रेमा आत्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सोळा तारखेला आमच्यात धवळ्याला कोन बसवलेलं नाय, बाय. पंढरी म्हनला, विचारून बघ."

"दिवा घरचा ठेवाल ना?" आत्या म्हणाली. "का स्पीकर लावनार?"

"घरचा ठेवू की."

"मंग बघते," आत्या म्हणाली, आणि पदरात तांदूळ बांधताना गाठ तिला दोनदा बांधावी लागली.

तिने मान वळवून मला दाराकडे खूण केली. नाना बाहेर गेले होते.

ते गिरणीच्या अंगणात, भात तोलायच्या जुन्या काट्याच्या चौथऱ्यापाशी उभे होते. ऊन उतरले होते. दिवा अजून गरम असावा, कारण त्यांनी तो पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला होता आणि पिशवी अंगापासून जरा दूर, सरळ धरली होती. आतले तेल त्यांनी ओतून टाकले नव्हते.

मी त्यांच्यासमोर गेले. त्यांच्या उजव्या तळहाताला काजळीची एक काळी रेघ होती. ती पुसायची त्यांना आठवण नव्हती, किंवा पुसायची नव्हती.

"नाना," मी म्हणाले. "उद्या परत हाय, पाचला. परवा पन. आत्या दिव्याबिगर गानार नाय. दिवा नसला तरी मी खेळ करनार हाय, तुमाला सांगून ठेवते. पन तुमी उद्या आनाल का दिवा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. चार वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण. मग पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, तेल सांडणार नाही अशी, तितकीच सरळ, आणि ते बाजाराच्या रस्त्याने एसटी स्टँडकडे चालू लागले.